सागवान मलबारचे, गोदी मुंबईची

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर आमच्या धर्मग्रामातील एक गृहस्थ संध्याकाळच्या मिस्सानंतर मला भेटायला आले. दारे, चौकटी, पलंग, कपाटे करण्याचा त्यांचा कारखाना आहे. वडिलांनी सुरू केलेला. हाताखाली नऊ कारागीर. कारखान्याची जागा भाड्याची होती आणि जागामालकाला तेथे इमारत उभारायची होती. सहा महिन्यांत जागा सोडणे भाग होते. त्यांच्यासमोर दोन वाटा होत्या : कच्छमध्ये गांधीधामला जावे, कारण कांडला बंदरात परदेशी ओंडके उतरतात आणि तेथे माल स्वस्त पडतो, किंवा तालुक्यातच कोठेतरी जास्त भाडे देऊन राहावे. ते म्हणाले, ‘‘फादर, तुम्ही इतिहास वाचता. लाकडाचा धंदा नेमका कुठे टिकतो, ते सांगा. लाकडाजवळ की गिऱ्हाइकाजवळ?’’

मी त्यांना त्या दिवशी उत्तर देऊ शकलो नाही. परंतु प्रश्न मनात घर करून राहिला. पुढे काही आठवडे मी मुंबईच्या जुन्या गोदीचा इतिहास पुन्हा वाचला, आणि ज्या प्रश्नाला आपण केवळ हिशेबाचा प्रश्न समजतो तो वस्तुतः माणसांचा प्रश्न आहे, असे मला दिसून आले. तोच विचार वाचकांपुढे ठेवीत आहे.

वजनाचा नियम

१९०९ साली आल्फ्रेड वेबर या जर्मन अर्थशास्त्रज्ञाने उद्योगांच्या स्थाननिवडीविषयी एक ग्रंथ लिहिला. त्यातील मुख्य सूत्र साध्या माणसालाही पटेल असे आहे. कच्चा माल तयार मालापेक्षा जड असेल, तर कारखाना कच्च्या मालाजवळ जातो; कारण जे वजन पुढे वाया जाणार त्याचे भाडे कोण भरील? लाकूड हे याचे नमुनेदार उदाहरण होय. गोल ओंडक्याची चौकोनी तुळई करावयाची म्हणजे साल, बाजूच्या फळ्या, भुसा हे सारे निघून जाते. रानातून जेवढे वजन निघाले त्याचा मोठा भाग कामाला येतच नाही. म्हणून लाकूड चिरण्याची गिरणी रानाच्या काठी असावी, असे हा नियम सांगतो.

मग एक कोडे उभे राहते. मुंबई हा मूळचा सात बेटांचा पुंजका. जहाजाला लागणारे सागाचे रान तेथे नव्हते. तरीही अठराव्या शतकाच्या मध्यापासून सुमारे शंभर वर्षे सागवानी जहाजे बांधणारे जे कारखाने जगात नावाजले गेले, त्यांत मुंबईच्या गोदीचे स्थान फार वरचे होते. लाकूड एकीकडे आणि कारखाना दुसरीकडे, असे का झाले?

आगाशी, वसई, सुरत

या कोड्याचे पहिले धागे आपल्याच परिसरात सापडतात. पोर्तुगीज येण्यापूर्वीच आगाशी हे जहाजबांधणीचे बंदर म्हणून प्रसिद्ध होते. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी आगाशीवर हल्ले केले, त्यामागे तेथील जहाजांचा धाक हेही एक कारण होते. पुढे १५३४ मध्ये वसई त्यांच्या ताब्यात आली आणि वसईतही जहाजे बांधली जाऊ लागली. येथे वेबरचा नियम तंतोतंत लागू पडतो. वसईच्या उत्तरेस आणि ईशान्येस, सह्याद्रीच्या पश्चिम उतारावर, सागाची दाट राने होती; आणि त्या रानांतून उतरणाऱ्या नद्या ओंडके थेट खाडीपर्यंत आणून सोडत. रस्ता नको, बैल नको. पावसाळ्याचे पाणी हाच भाडोत्री.

उत्तरेला सुरतेतही मोठी जहाजबांधणी चालत असे. ईस्ट इंडिया कंपनीने आपले मुख्य ठाणे १६८७ मध्ये सुरतेहून मुंबईस हलविले, तरी चांगले जहाज हवे असेल तेव्हा तिला सुरतेकडेच पाहावे लागे. मात्र तापीचे मुख गाळाने भरत चालले होते आणि मोगली सत्ता ढिली पडल्याने शहरात अस्थिरता वाढली होती. इकडे मुंबईच्या समुद्रात कंपनीला आरमाराची निकड होती. जहाज बांधण्यासाठी आणि दुरुस्त करण्यासाठी दर वेळी सुरतेस जाणे परवडणारे नव्हते.

दहा सुतारांचे स्थलांतर

१७३५ साली कंपनीचा डडली नावाचा अधिकारी ‘क्वीन’ नावाचे जहाज बांधून घेण्यासाठी सुरतेस गेला. तेथे धनजीभाई या मुख्य बांधकामदाराच्या हाताखाली लवजी नसरवानजी नावाचा एक तरुण पारशी मुकादम काम करीत होता. त्याचे कसब आणि सचोटी पाहून डडलीने त्याला मुंबईस येण्याची गळ घातली. १७३६ मध्ये लवजी दहा सुतारांना बरोबर घेऊन मुंबईस आला. हेच पुढे वाडिया घराण्याचे मूळ पुरुष. ‘वाडिया’ या शब्दाचा अर्थच जहाज बांधणारा.

वाचकांनी येथे क्षणभर थांबावे. कंपनीने मुंबईत कारखाना उभा करायचे ठरविले तेव्हा तिने आधी काय आणले? लाकूड नव्हे, हत्यारे नव्हेत, यंत्रे तर नव्हतीच. तिने अकरा माणसे आणली. लाकूड त्यानंतर आले. लवजीला लवकरच उत्तरेकडे पाठविण्यात आले ते लाकडाच्या व्यापाऱ्यांशी बोलणी करून पुरवठा नक्की करण्यासाठी. परतताना त्याने आपले कुटुंबही आणले. माणूस आधी, मग माल आणि मग घरदार, असा हा क्रम आहे.

तीनच वर्षांनी, १७३९ मध्ये, चिमाजी आप्पांनी वसई जिंकली. वसईमागची राने मराठ्यांच्या सत्तेखाली आली. तरीही मुंबईची गोदी थांबली नाही. राजकारणात जे एकमेकांसमोर तलवार घेऊन उभे होते, त्यांच्यात लाकडाची देवघेव होऊ शकत होती. आपल्या भागातील साग खाडीतून मुंबईस जात राहिला, आणि तो पुरेना तेव्हा मलबारचा साग समुद्रमार्गे येऊ लागला.

भरतीचे पाणी

मुंबईला निसर्गाने एक देणगी दिली होती. पश्चिम किनाऱ्यावर दक्षिणेकडे जावे तसतशी भरती-ओहोटीतील तफावत कमी होत जाते. मुंबईत मात्र उधाणाला पाणी चार-पाच मीटरपर्यंत चढते. सुक्या गोदीचे सारे गणित या चढउतारावर चालते. भरतीच्या वेळी जहाज आत घ्यायचे, ओहोटीला पाणी बाहेर जाऊ द्यायचे आणि दरवाजा लावून घ्यायचा. वाफेचे पंप नव्हते त्या काळात समुद्रच गोदी भरीत असे आणि समुद्रच ती रिकामी करीत असे. १७५० मध्ये मुंबईची पहिली सुकी गोदी तयार झाली. पाठोपाठ १७६२ आणि १७६५ मध्ये आणखी दोन झाल्या. १८१० पर्यंत मोठी डंकन गोदीही पुरी झाली. शिवाय पूर्वेकडील बंदर नैऋत्य मोसमी वाऱ्यांपासून सुरक्षित होते.

आता सागाविषयी दोन शब्द. इंग्लंडमध्ये जहाजे ओकची बनत. ओकमध्ये आम्ल असते, त्यामुळे त्यात ठोकलेले लोखंडी खिळे गंजतात. उलट सागात तेल असते; ते खिळ्यांनाही जपते आणि लाकडालाही. त्यामुळे ओकच्या जहाजापेक्षा सागाचे जहाज कितीतरी अधिक वर्षे टिके. नेपोलियनशी चाललेल्या दीर्घ युद्धात इंग्लंडमध्ये ओकचा तुटवडा पडला, तेव्हा ब्रिटिश नौदलाने आपली मोठी जहाजे मुंबईत बांधून घेण्यास सुरुवात केली. १८१० मध्ये ७४ तोफांचे ‘मिंडेन’ पाण्यात उतरले, १८१३ मध्ये ‘कॉर्नवॉलिस’. याच ‘कॉर्नवॉलिस’वर १८४२ साली इंग्लंड आणि चीन यांच्यातील नानकिंगचा तह झाला. १८२४ चे ‘एशिया’ हे जहाज १८२७ च्या नावारिनोच्या लढाईत इंग्रज सेनापतीचे जहाज होते.

‘त्रिंकोमाली’ या जहाजाची कथा तर सांगण्यासारखीच आहे. त्याचे नकाशे ‘जावा’ नावाच्या जहाजातून मुंबईकडे निघाले होते. १८१२ च्या अखेरीस ब्राझीलच्या किनाऱ्याजवळ ‘जावा’ अमेरिकनांच्या हाती पडले आणि नकाशे गेले. दुसरी प्रत पाठवावी लागली. अखेर १८१७ मध्ये जमशेटजी बमनजी वाडियांच्या देखरेखीखाली हे मलबारी सागाचे जहाज तयार झाले. आज दोनशे वर्षांनंतरही ते इंग्लंडमधील हार्टलपूल येथे पाण्यावर उभे आहे.

रानाजवळचे बेपूर

कोणी म्हणेल, मलबारचा साग एवढा उत्तम, तर जहाजे मलबारातच का बांधली नाहीत? हा प्रयोग झाला होता. कालिकतच्या दक्षिणेस चालियार नदीच्या मुखाशी बेपूर हे बंदर आहे. निलंबूरच्या रानातले ओंडके याच नदीतून वाहत खाली येतात. तेथे १७९७ मध्ये लाकूड चिरण्याची गिरणी, १८०५ मध्ये शिडाच्या कापडाचा कारखाना आणि १८४८ मध्ये लोखंडाचा कारखाना निघाला. मोठ्या जहाजांच्या बांधणीचाही प्रयत्न झाला. वेबरचा नियमच तेवढा खरा असता, तर बेपूर हे हिंदुस्थानातील सर्वांत मोठे जहाजबांधणीचे शहर व्हायला हवे होते. परंतु हे उद्योग एकेक करून बंद पडले. नदीच्या मुखाशी वाळूचा दांडा असल्याने मोठ्या जहाजांना अडचण, भरती तोकडी, आणि मोठे गिऱ्हाईक दूर मुंबईस.

मात्र बेपूरची कहाणी येथे संपत नाही. परक्यांनी काढलेले कारखाने गेले, परंतु स्थानिक खलाशी आणि सुतार गेले नाहीत. ‘उरू’ नावाची मोठी लाकडी गलबते ते कागदावरील नकाशाशिवाय, परंपरेने शिकलेल्या मापांवर बांधीत राहिले आणि अरबी व्यापारी ती घेत राहिले. भांडवल निघून गेले तरी कसब जागेवर राहिले.

रानाने भरलेले बिल

आतापर्यंतचा हिशेब कारखान्याच्या बाजूचा झाला. पण प्रत्येक लाकडाच्या कारखान्याचे एक बिल रानाच्या नावाने फाटते, आणि ते बहुधा कारखान्याच्या वहीत लिहिलेले नसते.

नौदलाची मागणी वाढताच कंपनीने १८०६ मध्ये कॅप्टन वॉटसन नावाच्या अधिकाऱ्याला मलबारात वनसंरक्षक नेमले. नाव संरक्षकाचे, पण काम मुख्यतः जहाजांसाठी साग मिळविण्याचे. सागाच्या झाडांवर सरकारी मक्तेदारी आली. ज्यांच्या जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या साग वाढला होता त्यांना आपलेच झाड तोडण्याची बंदी झाली. साध्या शेतकऱ्याचे घरबांधणीचे आणि सरपणाचे लाकूडही अडले. असंतोष इतका वाढला की मद्रासचे गव्हर्नर थॉमस मन्रो यांनी १८२३ मध्ये ती व्यवस्थाच रद्द केली. पण मग उलटे झाले. व्यापाऱ्यांनी बेसुमार तोड केली आणि दोन दशकांत मलबारची उत्तम राने विरळ झाली. मक्तेदारीने माणसाला नाडले, तर मोकळिकीने रानाला. दोन्ही वेळा लाकूड मात्र गोदीपर्यंत पोहोचत राहिले.

तेव्हा मलबारचे कलेक्टर कोनोली यांनी १८४० च्या दशकात निलंबूरला सागाची लागवड सुरू केली. सुरुवातीस सागाचे बी रुजेना. चाथू मेनन या स्थानिक अधिकाऱ्याने चिकाटीने प्रयोग करून ते रुजविले. जगातील सागाच्या पहिल्या मोठ्या लागवडींत तिची गणना होते आणि तेथील जुने वृक्ष आजही पाहावयास मिळतात. आपल्या मुंबई इलाख्यातही १८४७ मध्ये डॉ. अलेक्झांडर गिब्सन यांची पहिले वनसंरक्षक म्हणून नेमणूक झाली.

या रानांत राहणाऱ्यांचे काय? आपल्या ठाणे-पालघरच्या डोंगरांत वारली, काथोडी, मल्हार कोळी पिढ्यान्‌पिढ्या राहत आले. मुंबईच्या जहाजांच्या इतिहासात वाडियांची नावे आदराने नोंदलेली आहेत, आणि ती योग्यच आहेत. पण ज्या हातांनी झाड पाडले, ओंडका ओढीत नदीपर्यंत आणला, त्यांतले एकही नाव आपल्याला ठाऊक नाही. कारखान्याला जागा निवडता येते. रानाला आणि रानातल्या माणसाला ती निवड नसते.

लाकूड गेले, हात राहिले

कोनोलींनी लावलेला साग जहाजाच्या तुळईएवढा होण्यास साठ-सत्तर वर्षे लागणार होती. तेवढा वेळ काळाने दिला नाही. १८२९ मध्ये मुंबईतच ‘ह्यू लिंडसे’ ही वाफेवर चालणारी नौका बांधली गेली आणि पुढच्या वर्षी ती सुवेझला जाऊन आली. वाडिया घराण्यातील अर्देसर करसेटजी वाफेच्या यंत्रांचे तज्ज्ञ झाले आणि १८४१ मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटीचे पहिले भारतीय सदस्य बनले. १८४८ मध्ये ‘मियानी’ हे मोठे सागवानी लढाऊ जहाज उतरले. पण त्यानंतर लोखंडाचे युग आले. लोखंड आणि कोळसा दोन्ही इंग्लंडात मुबलक, आणि जहाज हवे असणारे सरकारही तेथलेच. जहाजबांधणी लाकडापासून सुटली आणि खाणींकडे गेली. निलंबूरचा साग वाढून तयार झाला तेव्हा त्याची वाट पाहणारी गोदी उरली नव्हती.

तरीही मुंबई रिकामी झाली नाही. दुरुस्तीची कामे, यंत्रशाळा, सुतार, लोहार, मिस्त्री यांचे जाळे टिकून राहिले. स्वातंत्र्यानंतर ‘नीलगिरी’ ही भारतात बांधलेली पहिली मोठी आधुनिक युद्धनौका १९७२ मध्ये नौदलात दाखल झाली, ती मुंबईच्याच माझगाव गोदीतून. लाकूड जाऊन पोलाद आले, पण जहाज बांधणारे हात ज्या शहरात होते तेथेच ते पुन्हा कामाला लागले.

कायद्याचे नवे वळण

ही केवळ जुन्या काळाची गोष्ट नव्हे. निलंबूरच्याच कोविलकम घराण्यातील टी. एन. गोदावर्मन थिरुमुलपाद यांनी १९९५ साली गुडलूर परिसरातील जंगलतोडीविरुद्ध सर्वोच्च न्यायालयात अर्ज केला. १२ डिसेंबर १९९६ रोजी न्यायालयाने दिलेल्या आदेशाने देशभरातील बेकायदा लाकूडगिरण्यांवर गदा आली आणि ईशान्येकडील राज्यांतील लाकूडतोड व वाहतूक रोखली गेली. आसाम-अरुणाचलातील अनेक प्लायवुड कारखाने बंद पडले. हा उद्योग मग कोठे वाढला? हरियाणातील यमुनानगरला, जेथे शेतकरी बांधावर पॉपलर लावतात. केरळमधील पेरुंबावूरला, जेथे जुन्या रबराच्या बागांचे लाकूड मिळते. आणि गांधीधामला, जेथे परदेशी ओंडके उतरतात. थोडक्यात, कारखाने रानाकडून शेताकडे आणि बंदराकडे सरकले. यात रानाचा लाभ झाला हे मान्य केलेच पाहिजे. परंतु आज पेरुंबावूरच्या गिरण्यांत काम करणाऱ्यांत आसाम-बंगालहून आलेले मजूर फार मोठ्या संख्येने आहेत. लवजी दहा सुतारांसह मुंबईस आला तेव्हा त्याला बोलावणे होते आणि पाठोपाठ घरदार आणता आले. या मजुरांपैकी कित्येकांना ते भाग्य नाही.

आमच्या धर्मग्रामातील त्या गृहस्थांना मी पुढे बोलावून घेतले आणि हे सारे सांगितले. शेवटी म्हणालो, ‘‘लाकूड कोठे स्वस्त आहे हे तुम्हाला माझ्यापेक्षा चांगले कळते. पण तुमचे नऊ कारागीर गांधीधामला येतील का?’’ ते बराच वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, ‘‘दोघे येतील, फादर. बाकीच्यांची मुले इथल्या शाळेत आहेत. आणि चौकटीचा खरा हात ज्याचा, तो म्हातारा तर मुळीच येणार नाही.’’

त्यांनी तालुक्यातच जागा घेतली आहे. भाडे जास्त आहे. लाकूड बाजारातून आणावे लागते. नफा कमी झाला आहे. पुढे काय होईल ते मी सांगू शकत नाही, आणि धंद्यात भावनेवर घर चालत नाही हेही मला ठाऊक आहे. परंतु नऊही कारागीर कामावर आहेत, आणि त्या वृद्ध मिस्त्रींच्या हाताखाली दोन मुले नव्याने शिकू लागली आहेत.

निघताना मी त्यांना आणखी एक प्रश्न विचारला होता : तुमच्याकडे येणारे लाकूड कोणत्या रानातले? तेव्हा त्यांना सांगता आले नाही. परवा भेटले तेव्हा त्यांनी आपणहून सांगितले की, आता ते व्यापाऱ्याला बिलाबरोबर हाही प्रश्न विचारतात. व्यापाऱ्याला प्रथम नवल वाटले. आता तो उत्तर तयार ठेवतो.